पुस्तकाच्या नावाला अवतरण द्या हो!

मंडळी, एक वाक्य देते. नीट वाचा, मग पुढे चला.

“मर्ढेकरांच्या काही कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला.”

काय समजलात? मर्ढेकरांनी बऱ्याच कविता लिहिल्या, त्यांतल्या चार-दोन कोणाला तरी खटकल्या आणि त्यांच्यावर खटला भरला गेला, असंच ना? कोणीही असंच समजेल. पण लिहिणारीला सांगायचं होतं ते निराळंच. ‘काही कविता’ हे मर्ढेकरांच्या संग्रहाचं नाव आहे. तो १९४७ साली आला, त्यावरून खटला झाला आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. पुढे १९५१ साली त्यांचा ‘आणखी काही कविता’ हा संग्रह आला. आता हेही अवतरणचिन्हं न देता लिहून बघा. “मर्ढेकरांच्या आणखी काही कविता १९५१ साली आल्या.” मासिकात सुट्या आल्या की पुस्तक आलं? काही पत्ता नाही. वाक्यात व्याकरणाची चूक नाही, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी आहेत. फक्त अर्थ तेवढा गेला!

आता हे मी का उगाळत बसले आहे ते सांगते. आमच्या नात्यातली एक मुलगी मराठी घेऊन एम.ए. करत होती. (घरच्यांना कोण ते कळेलच, नाव लिहीत नाही.) तिच्या लघुप्रबंधाचा मसुदा माझ्या नजरेखालून गेला होता. पोरीने प्रत्येक पुस्तकाचं नाव एकेरी अवतरणात नीट लिहिलं होतं. मला बरं वाटलं. पण विभागातून मसुदा परत आला तो सगळी अवतरणचिन्हं खोडून, आणि समासात शेरा : “एम.एल.ए. शैली वापरा. ग्रंथनामे तिरक्या अक्षरांत हवीत.” आमचे हे पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, “आमदारांचा इथे काय संबंध?”

तर हे एम.एल.ए. म्हणजे आपले आमदार नव्हेत. मॉडर्न लँग्वेज असोसिएशन नावाची अमेरिकेतली संस्था आहे, १८८३ सालची. इंग्रजीत शोधनिबंध कसा लिहावा याची तिची हस्तपुस्तिका जगभर चालते. मोठ्या ग्रंथाचं नाव तिरक्या अक्षरात, कविता, कथा किंवा लेखाचं नाव दुहेरी अवतरणात, असा तिचा नियम. इंग्रजीपुरता उत्तमच नियम आहे. माझी त्याच्याशी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती तो जसाच्या तसा उचलून मराठीच्या डोक्यावर ठेवणाऱ्यांशी.

पुढे काय झालं ऐका. मुलीने निमूटपणे चिन्हं काढली, नावं तिरकी केली. मग फाइल गेली डीटीपीवाल्याकडे. त्याच्याकडे फाँट दुसरा. त्याने मजकूर उचलून आपल्या फाँटमध्ये टाकला, आणि सगळी तिरकी अक्षरं सरळ झाली. चिन्हं आधीच काढलेली. प्रबंध छापून, बांधून, सोनेरी अक्षरांचं कव्हर घालून तयार झाला, पण आत एकाही पुस्तकाचं नाव ओळखू येईना. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं बोट ठेवलं : “या काही कविता म्हणजे नक्की कोणत्या?” पोरगी गडबडली. दोन वर्षांचा अभ्यास होता तिचा, आणि तिच्यावर ठपका आला तो मोघम लिहिल्याचा!

म्हणून म्हणते, हा दोन टिंबांचा प्रश्न नाही.

मुळात इंग्रजीला जे चालतं ते आपल्याला का चालत नाही, ते समजून घेऊ. इंग्रजीत अक्षरं दोन तऱ्हेची, मोठी आणि लहान. पुस्तकाच्या नावातले मुख्य शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात. त्यामुळे तिरकेपणा गेला, अवतरण गळलं, तरी नाव हे नाव आहे एवढं कळतं. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही. आपल्याकडे विशेषनाम आणि सामान्यनाम दोन्ही एकाच कपड्यात फिरतात. माणसांच्या नावांचं फारसं अडत नाही, पुस्तकांच्या नावांचं मात्र फार अडतं, कारण आपल्या लेखकांना बोलण्यातले साधे शब्द नाव म्हणून ठेवायची हौस. (चांगली हौस आहे ती!)

उदाहरणं बघा. “बलुतं मराठी समाजाला हादरवून गेलं.” आता बलुतं म्हणजे गावातल्या कामाच्या मोबदल्याची जुनी पद्धत, आणि ‘बलुतं’ म्हणजे दया पवारांचं १९७८ सालचं आत्मकथन. “गावगाडा वाचल्याशिवाय गावगाडा कळत नाही.” यातला एक गावगाडा त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ग्रंथ, दुसरा खराखुरा. कोणता कुठला हे ज्याने आधीच वाचलंय त्यालाच कळणार. म्हणजे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी लिहायचं, आणि ज्याला माहीत करून घ्यायचंय त्याने बाहेर उभं राहायचं! “गोलपिठ्यातलं जग भयानक आहे.” मुंबईतल्या वस्तीबद्दल बोलताय की नामदेव ढसाळांच्या १९७२ सालच्या ‘गोलपिठा’ या संग्रहाबद्दल? समाजशास्त्राचा विद्यार्थी एक समजेल, मराठीचा दुसरं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र घाशीरामाचं. “घाशीराम कोतवालाने पुण्यात खळबळ माजवली.” कोणत्या साली? १७९१ म्हणालात तरी बरोबर, कारण त्या साली पेशवाईतल्या त्या कोतवालाला पुण्याच्या जमावाने दगडांनी ठेचून मारलं. १९७२ म्हणालात तरी बरोबर, कारण त्या साली तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं आणि वादाचा धुरळा उडाला. एका वाक्यात एकशे एक्क्याऐंशी वर्षांचा घोटाळा, आणि तो मिटवायला दोन चिन्हं पुरतात : “‘घाशीराम कोतवाल’ने पुण्यात खळबळ माजवली.”

आणि आता आमच्या जिल्ह्यातलं. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडलेले भिक्षुक. त्यांनी जे पाहिलं ते लिहून ठेवलं, त्या पुस्तकाचं नाव ‘माझा प्रवास’. आता लिहा अवतरणाशिवाय : “माझा प्रवास १९०७ साली छापला गेला.” कोणाचा? माझा? अहो, मी तेव्हा जन्मलेही नव्हते! “गोडसे भटजींचा माझा प्रवास मी दोनदा वाचला.” हे वाक्य पाचवीतल्या मुलाने लिहिलं तर त्याला उभं करून विचारलं असतं, तुझा की त्यांचा ते आधी ठरव.

या पुस्तकात आणखी एक मेख आहे. १९०७ साली ते चिंतामण विनायक वैद्यांनी छापलं तेव्हा मजकुरावर आपला हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ साली आली. म्हणजे प्रबंधात ‘माझा प्रवास’ असं लिहून भागत नाही, कोणता, कोणी संपादलेला, हेही सांगावं लागतं. नावच धड ओळखू येत नसेल तर आवृत्तीपर्यंत कोण पोचणार?

अर्धवट वाक्यासारखी नावं तर विचारूच नका. “सुनीताबाईंचं आहे मनोहर तरी मला आवडलं.” वाचणारा “तरी”पाशी ठेचकाळतो. ‘आहे मनोहर तरी’ हे १९९० सालचं गाजलेलं पुस्तक, म्हणून आपण सावरून घेतो. आणखी पन्नास वर्षांनी कोण सावरणार? अत्र्यांचं ‘मी कसा झालो’ आणि ‘तो मी नव्हेच’ ही दोन नावं अवतरणाशिवाय एका परिच्छेदात लिहून बघा. मी कोण आणि तो कोण, शोधत बसाल.

आता तिरक्या अक्षरांकडे वळू. ही इटलीची. व्हेनिसच्या आल्डुस मनुतिउस या छापखानेवाल्याने १५०१ साली त्या वळणात आख्खं पुस्तक छापलं. तिथल्या सुशिक्षितांचं भरभर लिहिण्याचं जे तिरकं वळण होतं, त्याचे ते खिळे. पुढे सरळ अक्षरांच्या ओळीत मधला एखादा शब्द उठून दिसावा म्हणून ते वळण वापरायची रीत पडली. म्हणजे त्यांच्याकडे अक्षराची दोन खरी वळणं होती, ती त्यांनी एकत्र नांदवली.

आपल्याकडे धावतं वळण नव्हतं का? होतं की! मोडी. कित्येक शतकं आपले हिशेब, पत्रं, दफ्तरं मोडीत झाली. मोडीचे खिळेही पाडले गेले होते. पण बाळबोधाच्या ओळीत मधेच पुस्तकाचं नाव मोडीत छापायचं, असं कोणी केलं नाही. मोडी आपल्या जागी राहिली आणि विसाव्या शतकात मागे पडली. त्यामुळे देवनागरीला तिरकं असं दुसरं वळण घडलंच नाही. आज संगणकावर जे होतं ते फक्त सरळ अक्षर यंत्राने ढकलून कलतं केलेलं असतं. शिरोरेषा जागच्या जागी आडवी, खालचं अक्षर वाऱ्यात सापडल्यासारखं, आणि वेलांटी, रफार, अनुस्वार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. माझ्या वयाच्या माणसाला तर चष्मा पुसून परत बघावं लागतं. चार नवे फाँट आले असतील जरा बरे, पण परीक्षेच्या वहीत काय करणार? हाताने लिहिणाऱ्या मुलाने अक्षर तिरकं काढलं तर परीक्षक अक्षर वाईट म्हणून गुण कापतील!

मग काही जण म्हणतात, अधोरेखित करा. यातली गंमत सांगते. इंग्रजी हस्तलिखितात शब्दाखाली रेघ मारत ती खिळे जुळवणाऱ्याला सूचना म्हणून : हा शब्द तिरक्या टाइपात जुळव. टंकयंत्राला तिरकं अक्षर नव्हतं म्हणून तिथेही रेघच. आता संगणक आल्यावर त्या एम.एल.ए.वाल्यांनीही आपल्या २००९ च्या सातव्या आवृत्तीत रेघेऐवजी तिरकी अक्षरं धरली. म्हणजे ज्यांची रेघ होती त्यांनी ती सोडली, आणि आपल्याकडे अजून निबंधात पट्टी लावून रेघा मारणं चालू! बरं, देवनागरीला वर शिरोरेषा आहेच. खाली आणखी एक रेघ मारली की शब्द रुळांमध्ये सापडतो. ‘स्मृतिचित्रे’ लिहा आणि खाली रेघ मारा. त्या मृमधल्या ऋकाराचं काय होतं बघा.

तिसरी गोष्ट सगळ्यात व्यवहाराची. तिरकेपणा, ठळकपणा, रेघ हे सगळं अक्षरावर वरून चढवलेलं असतं. मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेला की बऱ्याचदा ते गळून पडतं. वर सांगितलेल्या प्रबंधात तेच झालं. अवतरणचिन्ह मात्र अक्षरासारखं मजकुरातच बसलेलं असतं. हाताने लिहा, टंकयंत्रावर मारा, फोनवरून पाठवा, ते सोबत येतं. शंभर रुपयांच्या पेनाने आणि लाख रुपयांच्या संगणकाने सारखंच लिहिता येतं असं हे एकच चिन्ह आपल्याकडे आहे, आणि नेमकं तेच खोडायचं?

आता मराठीची स्वतःची अडचण. आपल्याकडे नावाला प्रत्यय लागतो आणि नाव बदलतं. घोडा, घोड्याला. कोसला, कोसल्यात. इंग्रजीच्या हस्तपुस्तिकेत यावर अक्षर नाही, कारण त्यांना हा त्रासच नाही. मग आपली मुलं काय करतात? कोणी ‘कोसल्यात’ असं सगळंच चिन्हात घालतो, कोणी ‘कोसल्या’त लिहितो, कोणी ‘कोसला’त. मी तिसऱ्याच्या बाजूची. पुस्तकाचं नाव शीर्षकपृष्ठावर जसं आहे तसंच चिन्हाच्या आत राहिलं पाहिजे. प्रत्यय बाहेर, पण चिकटून. कारण सोपं आहे. ज्याने नेमाड्यांची १९६३ सालची ती कादंबरी ऐकलेलीही नाही, तो वाचनालयात जाऊन काय मागेल? चिन्हाच्या आत जे आहे ते. ‘कोसल्या’ मागितलं तर ग्रंथपाल कपाळाला हात लावेल. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची जी प्रचंड सूची केली, ती चाळून बघा म्हणजे कळेल, नाव एका अक्षराने इकडचं तिकडे झालं तर पुस्तक सापडणं किती कठीण होतं ते.

कानाला खटकत असेल तर मराठीने त्यावर सुंदर सोय करून ठेवली आहे. “या” हा शब्द वापरा. ‘बलुतं’ या आत्मकथनात, ‘काही कविता’ या संग्रहावर, ‘माझा प्रवास’ या पुस्तकाची. नाव अभंग राहतं, प्रत्यय दुसऱ्या शब्दावर जातो, आणि वर ते पुस्तक कोणत्या जातीचं तेही कळतं.

हीच सोय वापरली तर तो इंग्रजीतला मोठी कृती-छोटी कृती हा भेदही सुटतो. मोठ्या ग्रंथाला तिरकं अक्षर आणि कवितेला अवतरण, हे कशासाठी? तर कोण कोणाच्या पोटात आहे ते कळावं म्हणून. आपण सरळ म्हणू : “कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ या संग्रहातली ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ ही कविता.” झालं की! दोन्हीकडे एकेरी अवतरण आहे आणि तरीही काडीचा घोटाळा नाही. हा संग्रह, ही कविता, हे नाटक. आपल्या लिंगांनीच अर्धं काम केलेलं असतं.

इथे एखादा हुशार वाचक म्हणेल, “आजी, लिंगावरून कळतं तर मग चिन्हं कशाला?” प्रश्न चांगला आहे. आपण ‘स्वामी’ वाचली म्हणतो, वाचला म्हणत नाही, कारण मनात कादंबरी असते. घाशीराम पाहिला म्हटलं की माणूस, पाहिलं म्हटलं की नाटक. बोलताना याच्यावर निभावतं. पण प्रत्यय लागला की लिंग झाकलं जातं. घाशीरामने, घाशीरामवर, घाशीरामला... आता ओळखा! निबंधातली निम्मी वाक्यं अशी प्रत्ययवालीच असतात. आणि ‘काही कविता’ला तर लिंगाचीही मदत नाही. म्हणून चिन्हं हवीतच.

दुसरी हरकत जरा वजनदार आहे. एकेरी अवतरण आधीच दुसऱ्या कामाला लावलेलं आहे. शालेय व्याकरणात सांगतात, बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी अवतरणात, आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर तो एकेरीत. ग्रंथनामाला तिथे स्वतंत्र ओळ क्वचितच मिळते. याचा परिणाम कोणताही शोधनिबंध उघडून बघा. अस्मिता चिन्हात, जाणीव चिन्हात, विद्रोह चिन्हात, आणि याच गर्दीत कुठेतरी बिचारं पुस्तकाचं नाव. सगळ्यांनाच टिळा लावला तर नवरदेव कोण ते कसं कळायचं?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. प्रबंधात आणि निबंधात जोर देण्यासाठी चिन्हं वापरणं बंद करा. जोर वाक्यरचनेने द्या. मराठीत त्यासाठी “च” आहे, शब्दाची जागा पुढेमागे करायची मोकळीक आहे. उपरोध करायचा तर तो शब्दांतून कळू द्या. एकेरी अवतरण कृतीच्या नावासाठी राखून ठेवा आणि दुहेरी दुसऱ्याच्या शब्दांसाठी. दोन्ही एकत्र आली तरी छान बसतात : ती म्हणाली, “मी ‘बनगरवाडी’ तीनदा वाचली.”

एक अपवाद मी मानते. ज्ञानेश्वरी, दासबोध, महाभारत, गीता, बायबल, कुराण ही नावं चिन्हांशिवाय चालतील. ती दुसरं काही असू शकत नाहीत. इंग्रजीतही बायबलचं नाव सरळच छापतात. मात्र त्यावरचं कोणाचं पुस्तक आलं की चिन्हं आलीच. गीता ती गीता, पण विनोबांची १९३२ सालची ‘गीताई’ ही चिन्हातच. (विनोबाही आमच्याच जिल्ह्यातले, गागोद्याचे, हे जाता जाता!)

आणखी एक खोड मोडायला हवी, ती म्हणजे नाव शुद्ध करायची. खांडेकरांच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर ‘ययाति’ असं ऱ्हस्व आहे. आजच्या नियमाने शेवटची वेलांटी दुसरी हवी. म्हणून काही शिक्षक मुलांच्या वहीत ‘ययाती’ करतात. अहो, ते लेखकाने ठेवलेलं नाव आहे, तुमच्या वर्गातली शुद्धलेखनाची चाचणी नव्हे. जुन्या पुस्तकांच्या नावांवरचे अनुस्वारही असेच. संदर्भसूचीत तरी नाव जसं छापलंय तसंच हवं. तीच गोष्ट नावातल्या विरामचिन्हांची. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ यातलं उद्गारचिन्ह नाटकाचं आहे, ते आतच राहणार. “तुम्ही ‘रणांगण’ वाचली का?” यातलं प्रश्नचिन्ह माझं आहे, ते बाहेर. हरिभाऊंचं ‘पण लक्षात कोण घेतो’ हे नाव प्रश्नासारखं आहे. तिथे हातातल्या प्रतीचं शीर्षकपृष्ठ उघडावं आणि आहे तसं उतरवावं.

कोणी म्हणेल, विरामचिन्हं तरी आपली कुठे आहेत? खरं आहे. मोडीत तर शब्द तोडायचीही पद्धत नव्हती. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून ती मराठीला लावून दिली. साहेबाकडूनच आली. पण ती टिकली कारण ती आपल्या अक्षराला आणि वाक्याला मानवली. मानवेल ते घ्यावं, न मानवेल ते परत करावं. मला परकेपणाचा विटाळ नाही. पाहुण्याचा अंगरखा आपल्याला होत नसताना घालून हिंडण्याचा आहे.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम दिले, १९७२ साली आणखी चार. शासनाने २००९ साली ल आणि श कसे काढायचे याचा निर्णय काढला. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषा म्हटलं. आम्ही पेढे वाटले. आणि त्याच मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला तिच्या भाषेतल्या पुस्तकाचं नाव कसं लिहावं हे सांगायला अमेरिकेची हस्तपुस्तिका दाखवतात! मराठी विभागांतले प्राध्यापक एकत्र बसले तर एका दुपारचं काम आहे. एक पान पुरेल. तोवर माझं पान घ्या :

१. ग्रंथ, नाटक, कविता, कथा, लेख, चित्रपट, नियतकालिक, सगळ्यांची नावं एकेरी अवतरणात.
२. नाव शीर्षकपृष्ठावर आहे तसं. आपलं शुद्धलेखन त्याला लावू नये.
३. प्रत्यय चिन्हाच्या बाहेर, जोडून. खटकलं तर “या” वापरावा.
४. पहिल्या उल्लेखात कृतीचा प्रकार, लेखक आणि साल सांगावं. आवृत्त्या वेगळ्या असतील तर संपादकही.
५. दुहेरी अवतरण फक्त दुसऱ्याच्या शब्दांना. जोर देण्यासाठी कोणतंच नाही.
६. स्वतःच्या निबंधाच्या शीर्षकाला अवतरण, रेघ, पूर्णविराम, यातलं काही नको. त्यात दुसऱ्या पुस्तकाचं नाव असेल तर तेवढंच चिन्हात.
७. जे ठरवाल ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखं.

मार्गदर्शक मंडळींना हात जोडून एवढंच सांगणं, की मुलांच्या वहीतली एकेरी अवतरणं खोडण्याआधी ते वाक्य एकदा चिन्हांशिवाय मोठ्याने वाचा. अर्थ टिकला तर खुशाल खोडा.

असो. लांबलं जरा. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर भांडावं, मला आवडेल. फक्त भांडताना पुस्तकाचं नाव घ्याल ते अवतरणात घ्या, म्हणजे आपण कोणत्या पुस्तकावरून भांडतोय ते तरी कळेल!